क्रॉफ्टला मराठीत काय म्हणायचं?

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या ब्रेज या भागाबद्दल मराठीत लिहितेय, क्रॉफ्टला सगळीकडे 'झोपडी' लिहीत गेले आणि 'त्याच्या क्रॉफ्टवर घर नाही' या वाक्याशी येऊन अडले. वाडी म्हटलं तर चालेल का?

– झोपडी आधी काढून टाका ताई, सगळा अर्थच फिरतो त्याने. क्रॉफ्ट म्हणजे जमीन, घर त्यावर असेल नाहीतर नसेल. काही एकरांचा खंडाने कसलेला तुकडा, बटाटे ओट्स गवत एवढंच निघतं, नुसतं त्यावर भागत नाही म्हणून जोडीला मासेमारी नाहीतर नोकरी, आणि शिवाय डोंगरावरच्या सामाईक चराईत वाटा. कुणी किती गाई किती मेंढ्या सोडायच्या तेही ठरलेलं, त्याला सूमिंग म्हणतात. वाडी शब्द मस्त आहे पण तो क्रॉफ्टला नाही, असे बरेच क्रॉफ्ट मिळून जी वस्ती होते तिला. इंग्रजीत टाउनशिप, तिकडच्या गेलिक भाषेत बाल्य. ब्रेजमधल्याच एका वस्तीचं नाव बालमेनाक, म्हणजे शब्दशः मधली वाडी! टाउनशिप मात्र तसंच ठेवू नका, आपल्याकडे बिल्डरचे टॉवर डोळ्यासमोर येतात.

– मग 'कुळाची जमीन' का नको? खंड आहे, जमीनदार आहे.

– मलाही आधी तेच वाटलेलं. पण आपल्याकडे कूळ म्हटलं की कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसणारा मालक झाला. तिकडे १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला मनमानी हुसकावता येईना, खंड वाजवी ठरवून मिळू लागला, जमीन वारसाकडे जाऊ लागली, पण मालकी जमीनदाराचीच. विकत घ्यायचा हक्क थेट १९७६ मध्ये. म्हणून क्रॉफ्ट तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा.

– पटलं. आणि चराईला गायरान लिहू? जमीनदाराने चराईचा बेन ली डोंगर दुसऱ्याला दिला म्हणून ब्रेजच्या क्रॉफ्टरांनी खंड द्यायचं थांबवलं, १८८२ मध्ये ग्लासगोचे पन्नासेक पोलीस आले, बायकांनी दगड मारले, एवढं सगळं आणि मी लिहितेय 'सामाईक चराई', फार कोरडं वाटतंय.

– गायरानच लिहा. काटेकोर बघितलं तर आपलं गायरान सरकारी आणि तो डोंगर जमीनदाराचा, पण गुरं चारायची जागा गेली की गावाचं काय होतं ते आपल्या वाचकाला त्या एका शब्दात कळतं. आणि पुढच्याच वर्षी क्रॉफ्टरांच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या सरकारी नेपियर आयोगाची पहिली बैठक ब्रेजलाच झाली, ते पण घ्या, १८८६ चा कायदा त्यातूनच आला.