मदत हवी आहे : फोटोअकूस्टिक प्रतिमेत दुप्पट खोलीवर दुसरा ठिपका

नमस्कार मंडळी,

फोटोअकूस्टिक इमेजिंगची छोटी जुळणी केली आहे आणि दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे. विषय नवीन असणाऱ्यांसाठी: लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत पडला की प्रकाश शोषणारा भाग, म्हणजे मुख्यतः रक्त, कणभर तापतो, फुगतो आणि त्यातून अल्ट्रासाउंड लहर निघते. ती सोनोग्राफीच्याच प्रोबने ऐकायची. शरीरात प्रकाश लगेच विखुरतो, आवाज त्या मानाने फारच कमी. म्हणून काही सेंटिमीटर आतल्या रक्तवाहिन्याही रेखीव दिसतात, तेही काही टोचल्याशिवाय. मी या कामात पडले ती यासाठीच.

लेसर १०६४ नॅनोमीटरचा, प्रोब १२८ एलिमेंटचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या १२८ छोट्या भागांचा. अगारच्या जेलीत पेन्सिलचं ०.५ मिलिमीटरचं शिसं १२ मिलिमीटर खोल आडवं बसवलंय. आधी ते ६ वर दिसायचं, कारण प्रतिमा बनवणारा कोड सोनोग्राफीचा होता. तिथे आवाज जाऊन येतो, इथे नुसता येतो. ते सुधारलं. आता शिसं १२ वर नीट दिसतं, पण बरोबर त्याच्याखाली २४ वर एक फिकट, पसरट ठिपका येतो.

शिसं आणि प्रोबमध्ये लहर आपटत राहिली असती तर दुसरा ठिपका ३६ वर यायला हवा होता. तळावरून परावर्तन म्हणावं, तर शिसं वर घेतल्यावर तो खाली सरकला असता. मी शिसं ९ वर घेतलं, तो १८ वर आला. मग हा येतो कुठून? पुढे बोटांच्या सांध्यांवर काम करायचंय. तिथे अशी खोटी रक्तवाहिनी दिसली तर सगळंच चुकेल.

प्रतिसाद १
निरीक्षण फार नेटकं आहे. अगारमधून मागे विखुरलेला प्रकाश प्रोबच्या तोंडावर पडत असणार. ते तोंडच लहर सोडतं, ती १२ मिलिमीटर खाली जाते आणि शिशावरून परतते. एकूण २४. ठिपका पसरट दिसतो, कारण लहरीचा बाक १२ वरच्या वस्तूचा आहे आणि कोड त्याला २४ वरचा समजतो.
खात्री करायला शिशाच्या जागी पारदर्शक नायलॉनचा दोरा लावा. तो प्रकाश जवळजवळ शोषत नाही, आवाज मात्र परतवतो. नंतर प्रोबच्या तोंडावर पातळ ॲल्युमिनियम फॉइल लावून बघा. खाली जेल भरपूर घाला, हवेचा बुडबुडा राहिला तर सिग्नलच जाईल.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! दोरा लावला. १२ वर काहीच नाही, २४ वर ठिपका हजर. फॉइलनंतर तो जेमतेम दिसतो. उरलेल्यासाठी लेसरचा प्रकाश आणणाऱ्या फायबरचा कोन बदलून झोत प्रोबपासून थोडा लांब पाडते. किती लांब न्यावा, याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.