शीतगृहातील एआरएम बोर्डावर चालणारा प्रोग्राम नाशिकमधून डीबग कसा करावा?

प्रश्न : अंबडकर

द्राक्षांच्या शीतगृहांतील तापमानाची नोंद ठेवणारा आमचा सी++ प्रोग्राम मी नाशिकच्या अंबडमध्ये ६४-बिट इंटेल संगणकावर क्रॉस-कंपायलरने (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपायलरने) बिल्ड करतो आणि ३२-बिट एआरएम लिनक्स बोर्डावर चढवतो. पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहात तो मध्यरात्रीनंतर केव्हातरी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीतील चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतो. तोच कोड माझ्या संगणकासाठी बिल्ड करून त्याच नोंदी पुरवल्या, तर मात्र बिनतक्रार चालतो. बोर्डावर जागा जेमतेम असल्याने तेथे फक्त जीडीबी-सर्व्हर (दूरच्या जीडीबी या डीबगरसाठी बोर्डावर काम करणारा छोटा प्रोग्राम) ठेवला आहे. येथून नेहमीच्या जीडीबीने जोडू गेल्यास, बोर्डाने कळवलेले प्रोसेसरचे वर्णन अमान्य असल्याची सूचना येते आणि पुढे काहीच होत नाही. ऐन हंगामात दर वेळी पिंपळगावला खेटे घालणे परवडत नाही. काय करावे?

उत्तर १ : सातपूर एम्बेडेड

आपल्या संगणकावरचा जीडीबी केवळ इंटेलसाठी बांधलेला दिसतो, त्यामुळे एआरएमची रजिस्टरे त्याला समजत नाहीत. उबुंटू किंवा डेबियन असल्यास ‘जीडीबी-मल्टिआर्च’ हे पॅकेज घ्यावे, अथवा क्रॉस-कंपायलरसोबत आलेला जीडीबी वापरावा.

बोर्डावरची फाइल स्ट्रिप केलेली, म्हणजे सिम्बॉल (फंक्शनांची आणि चलांची नावे) काढून टाकलेली असली तरी चालते, कारण जीडीबी-सर्व्हर सिम्बॉल वाचत बसत नाही. प्रोसेस थांबवणे, मेमरी आणि रजिस्टरे वाचून पाठवणे एवढेच त्याचे काम. सिम्बॉल लागतात ते आपल्याकडे, म्हणून ‘-जी’ या डीबगची माहिती ठेवणाऱ्या पर्यायाने बिल्ड केलेली मूळ फाइल आपल्या जीडीबीत उघडावी. ती त्याच बिल्डची हवी. नंतर पुन्हा बिल्ड केलेली फाइल दिली, तर ओळी आणि पत्ते जुळत नाहीत आणि जीडीबी भलत्याच फंक्शनचे नाव ठामपणे सांगतो. दोन्ही फाइलींचा बिल्ड-आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) ताडून पाहिला की शंका राहत नाही.

लायब्ररींचेही तसेच आहे. ‘सेट सिसरूट’ देऊन बोर्डाच्या मूळ फाइल-सिस्टिमची आपल्याकडची प्रत दाखवावी. ते न केल्यास जीडीबी ७.१० पासून पुढच्या आवृत्त्या लायब्ररी बोर्डावरूनच मागवतात, आणि मोबाइल डेटावर चालणाऱ्या जोडणीत ते अतिशय संथ होते. चालू प्रोसेस बंद करून पुन्हा सुरू न करता पकडायची असेल, तर जीडीबी-सर्व्हर ‘अटॅच’ पर्यायाने सुरू करावा.

उत्तर २ : गोदाकाठ

एक पुरवणी. जीडीबी-सर्व्हरला पासवर्ड वगैरे काही नसतो. त्याच्या पोर्टपर्यंत जो पोहोचेल त्याच्या हाती प्रोसेसची सूत्रे जातात. तो बोर्डाच्या लोकलहोस्टवरच (फक्त बोर्डाच्या आतून पोहोचता येणाऱ्या पत्त्यावर) ऐकता ठेवावा आणि एसएसएच बोगद्यातून, म्हणजे कूटबद्ध जोडणीतून जोडावे.

अंबडकर

दोघांचेही आभार. मल्टिआर्चने जोडणी झाली, सिसरूट दिल्यावर बॅकट्रेसमधील (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीतील) प्रश्नचिन्हेही गेली. प्रोग्राम थांबतो तो इशाऱ्यांच्या तक्त्याशी : तापमानात १० मिळवून तो अंक पॉइंटरांच्या तक्त्यात इंडेक्स म्हणून वापरला आहे. सेन्सरचा बाइट हेक्समध्ये एफएफ, म्हणजे उणे १ आहे, पण इंडेक्स ९ ऐवजी २६५ दिसतो. तापमानाचे चल साध्या ‘कॅर’ प्रकाराचे आहे.

उत्तर ३ : सातपूर एम्बेडेड

मग कारण सापडलेच. इंटेलवरच्या लिनक्समध्ये साधा ‘कॅर’ सचिन्ह (उणे अंकही धरणारा) असतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये अचिन्ह (उणे अंक नसलेला). त्यामुळे एफएफ एकीकडे उणे १ होतो आणि दुसरीकडे २५५. खोली शून्याखाली गेली की तक्त्याबाहेरचा पॉइंटर उचलला जातो, आणि रात्रीचाच मुहूर्त का लागतो तेही यातून कळते. कंपायलरकडून इशाऱ्याची अपेक्षा येथे ठेवू नये : ‘कॅर’ थेट इंडेक्स म्हणून दिला असता तर ‘-डब्ल्यू-ऑल’ या इशारे चालू करणाऱ्या पर्यायाने हटकले असते, पण १० मिळवताच त्याचा ‘इंट’ होतो आणि हरकत उरत नाही.

खात्री करण्यासाठी आपल्याच संगणकावर ‘-एफ-अनसाइन्ड-कॅर’ (साधा ‘कॅर’ अचिन्ह करणारा पर्याय) देऊन बिल्ड करावे. इंडेक्स तेथेही २६५ येईल. दुरुस्ती म्हणून त्याउलट ‘-एफ-साइन्ड-कॅर’ देता येतो, पण तो पर्याय एखाद्या मेकफाइलमध्ये राहून गेला की दोष परत येईल, म्हणून मी तरी चलाचा प्रकारच नेहमी सचिन्ह असणारा ‘इंट८_टी’ करीन. शिवाय इंडेक्स तक्त्याच्या मर्यादेत आहे की नाही, ही तपासणी घालावीच, कारण सेन्सरची तार सुटली तर कोणताही बाइट येऊ शकतो.