"तुमच्या चर्चमध्ये हेच शिकवतात का?"

नगरची लेक: आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबानं घर बांधलं आणि गवंड्याचे शेवटचे पैसे चार महिने लटकवले. गेल्या रविवारी उपासना सुटताना तो गवंडी चर्चच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. भांडला नाही. "तुमच्या चर्चमध्ये हेच शिकवतात का?" एवढंच विचारलं. बरेच जण त्याच्यावरच चिडले, पैशाच्या व्यवहारात धर्म कशाला आणतोस म्हणाले. मला त्याचं विचारणं रास्त वाटतं. येशू त्याला कळणार तो आमच्याशी झालेल्या हिशेबातूनच. तुम्हाला काय वाटतं?

वसईकर: ताई, पैसे द्यायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण हिंदू मालकानं बुडवले असते, तर तो देवळासमोर जाऊन उभा राहिला असता का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण शंभरात एकसुद्धा भरत नाही, म्हणून एकाची चूक सगळ्यांच्या नावावर लागते. आणि चांगलं वागूनही काय होतं? फादर दिब्रिटोंनी वसईची झाडं, विहिरी, शेतजमीन वाचावी म्हणून हरित वसईच्या लढ्यात गुंडांना अंगावर घेतलं. आयुष्यभर मराठीत लिहिलं. तरी २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झालाच ना? त्यांच्या झग्यापलीकडे काहींना काही दिसलंच नाही.

मिरजेचा मी: मी ख्रिस्ती नाही. दादा, विरोध झाला, पण त्यांना अध्यक्ष निवडणाऱ्यांत ख्रिस्ती असे किती होते? तेही मोजा की. आमच्याकडे मिशनरी डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, त्याला गावात अजून मिशनच म्हणतात. माझी आजी तिथे महिनाभर होती. रात्री तिला धरून न्हाणीत नेणाऱ्या सिस्टरनं येशूचं नावही कधी काढलं नाही. आजी शेवटपर्यंत विठ्ठलाचीच राहिली, पण मिशनच्या लोकांना घरात कुणी नावं ठेवली की ताट सरकवून उठायची. एका बाईच्या वागण्यानं आमच्या तीन पिढ्यांचं मत बनलं.

वाड्यावरचा: सेवेचं सगळे सांगतात, जातीचं कुणी काढत नाही. मीही ख्रिस्तीच. नगर भागात आमचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून चर्चमध्ये आले ते माणूस म्हणून शेजारी बसायला मिळेल म्हणून. आज माझ्या बहिणीचं स्थळ बघताना पाहुणे पहिलं विचारतात, "तुम्ही मूळचे कोण?" बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात हिंदू धर्म सोडायची घोषणा केल्यावर २१ वर्षं विचार केला. बाप्तिस्मा घेऊनही जात सुटत नाही, हे त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांना बायबल काही नवीन नव्हतं, त्यांनी माणसं पाहिली. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला वागण्यावरून पारखलं, मग गवंड्यानं पारखलं तर राग का?

वसईकर: जातीचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही लग्नाच्या वेळी समाज बघतातच. पण दोन मापं लावतात हे माझं म्हणणं मी सोडत नाही. माझा मुलगा वर्गात एकटा ख्रिस्ती आहे. त्यानं मस्ती केली की "तुम्ही लोक" सुरू होतं. दहा वर्षांच्या पोरानं अख्ख्या धर्माची अब्रू का सांभाळायची?

नगरची लेक: तुमच्या मुलावर ते ओझं नकोच, दादा. ते आम्हा मोठ्यांचं आहे, आणि गवंड्याचं माप दुहेरी असलं तरी त्याचे पैसे खरे आहेत. काल आम्ही तिघी जणी त्या घरी गेलो. पाणीसुद्धा विचारलं नाही. अर्धे पैसे आमच्यासमोर दिले, उरलेले शनिवारी देतो म्हणालेत. पाळकसाहेब अजून गप्प आहेत, त्याचं फार वाईट वाटतं. शनिवारी संध्याकाळी मी गवंड्याला फोन करून विचारणार आहे.