सोनेरी, काळा की साधा? गुडघ्यातल्या धातूसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे?

अनघा_वाई

गुडघेरोपण ठरलं की हल्ली केबिनबाहेरचे समुपदेशक तीन पर्याय पुढे ठेवतात: साधा कोबाल्ट-क्रोमचा, सोनेरी मुलाम्याचा आणि काळा. शेवटचे दोन ‘तीस वर्षं बघायला नको’ म्हणून सांगितले जातात. माझ्या सासूबाई एकाहत्तरच्या आहेत आणि आमच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे. सत्तरीच्या पेशंटला महाग धातू घ्यायला लावणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतींना लगाम घातला, तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा (हाच तो काळा) ७६,६०० वर. जीएसटी वेगळा. त्या दरांनी दोन्ही गुडघे करायचे तर फरक चाळीस हजारांच्या वर जातो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

आणि मिळतं काय? अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकले. हे पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले, म्हणजे जुन्या बनावटीचे गुडघे. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं ते मुख्यतः जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं किंवा अस्थिर होणं यामुळे. यातलं काय सोनेरी रंगाने थांबतं?

धातुवेध

अनघाताई, तुमची तळमळ कळते, पण सोनेरी आणि काळा हे एकाच माळेचे मणी नाहीत. माझी सगळी नोकरी धातूंच्या उष्मोपचार विभागात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोनेरी म्हणजे कोबाल्ट-क्रोमवरच टायटॅनियम नायट्राइड किंवा त्याच्या जातीचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर. तो वरून चढवलेला असतो, त्यामुळे सुटण्याची शक्यता राहते. काळ्याचं तसं नाही. तो झिर्कोनियममध्ये अडीच टक्के निओबियम असलेला मिश्रधातू. तो घासूनपुसून आकाराला आणतात आणि हवेत ५०० अंशांच्या आसपास तापवतात. मग प्राणवायू पृष्ठभागातून आत शिरतो आणि वरचा सुमारे पाच मायक्रॉनचा भाग स्वतःच सिरॅमिक बनतो. आतला धातू चिवटच राहतो. मुलामा चढवलेलाच नसल्यामुळे तो पापुद्र्यासारखा सहज निघत नाही. पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असल्याने समोरचं पॉलिथिलीन, म्हणजे प्लॅस्टिकचा भाग, कमी झिजावा, हा त्यामागचा विचार. शिवाय कोबाल्ट-क्रोममध्ये थोडं निकेल असतं, यात ते जवळजवळ नसतंच. नकली कानातलं घातलं तरी ज्यांचा कान चिघळतो, त्यांना विचारा या फरकाची किंमत.

नव्या मालाला नेहमी नाकं मुरडली असती, तर आपण कुठे असतो? इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जननी खुब्याच्या सांध्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती दोन-तीन वर्षांत झिजून गेली. म्हणून ते थांबले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीन वापरायला घेतलं आणि त्यावर आजचं सांधेरोपण उभं आहे.

रेवती ग.

धातुवेध, प्रयोगशाळेतली झीज आणि माणसाच्या गुडघ्यातली झीज वेगळी. ऑस्ट्रेलियात सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही आहे, तीत एकाच आकाराच्या गुडघ्याचे दोन प्रकार ताडून पाहिले, एक काळा, एक कोबाल्ट-क्रोमचा. १७,५७७ गुडघे, बारा वर्षांपर्यंतचा काळ, २०१७ सालचा अहवाल. काळ्यामुळे पुन्हा ऑपरेशन करण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

आणि खुब्यातल्या धातूवर-धातूचं, म्हणजे गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे असलेल्या सांध्याचं, काय झालं? यंत्रावर झीज इतकी कमी की सगळे हरखले. शरीरात वाटी थोडी तिरकी बसली की कडेवर भार यायचा, कोबाल्ट-क्रोमियमचे कण आजूबाजूच्या ऊतींत आणि रक्तात उतरायचे. डीपाय कंपनीने एएसआर हा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला, तोवर सुमारे ९३,००० लोकांना तो बसला होता. भारतात त्याच्या हजारो शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि नुकसानभरपाईसाठी पेशंटांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ‘टिकाऊ’ हा शब्द ऐकला की मला हे लोक आठवतात.

डॉ. निशिकांत

हाडांचा सर्जन आहे. गुडघ्याबाबत रेवतींशी सहमत. खुब्याबाबत नाही. तिथे याच काळ्या धातूचा गोळा क्रॉस-लिंक्ड (कमी झिजणाऱ्या) पॉलिथिलीनच्या वाटीसमोर नोंदवह्यांमध्ये फार चांगला ठरला आहे. मात्र गोळा निखळला आणि वाटीच्या धातूच्या कवचावर घासला, तर ते पाच मायक्रॉन खरवडले जातात आणि खालचा मऊ धातू भराभर झिजतो. असा खरवडलेला गोळा शरीरात ठेवू नये.

पुन्हा ऑपरेशन करताना हाड खूप गेलेलं असेल, तर सच्छिद्र टँटलम या धातूला मी तरी तोड पाहिलेली नाही. कार्बनचा जाळीदार सांगाडा घेऊन त्यावर वाफेतून टँटलम बसवतात. कोबाल्ट-क्रोम हाडापेक्षा दहापट ताठ, त्यामुळे भार तोच घेतो आणि शेजारचं हाड विरळ होतं. ही जाळी बरीच लवचीक असते आणि हाड तिच्या छिद्रांत शिरतं. तेव्हा ‘महाग धातू म्हणजे लूट’ असं सरसकट म्हणू नका.

अनघा_वाई

सरसकट म्हणत नाहीये, डॉक्टर. पण केबिनबाहेर खुबा, गुडघा, वय, ॲलर्जी यातलं काही विचारत नाहीत. तिन्ही नमुने टेबलावर मांडतात आणि ‘आईसाठी चांगलंच घ्याल ना?’ म्हणतात. त्या प्रश्नापुढे कुठला मुलगा साधा गुडघा मागेल? आम्ही साधाच घेतोय. आणि दरपत्रकावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून मागितलंय, म्हणजे परदेशी नोंदवहीत तेच मॉडेल शोधता येईल.

धातुवेध

जरूर मागा. पण ऑस्ट्रेलियातले पेशंट मांडी घालून जेवायला बसत नाहीत, आपल्याकडे डॉक्टर नको म्हणाले तरी बसतात. आपल्याकडची नोंद ऐच्छिक आहे, त्यामुळे त्या वाकण्यात कुठला धातू किती टिकला हे तुमची नोंदवही सांगणार नाही. माझ्या बहिणीला आमवात आहे, वय अठ्ठेचाळीस, निकेलने अंगावर पुरळ उठतं. तिच्यासाठी मी काळाच घेणार आणि चाळीस हजारांसाठी मागे हटणार नाही.

रेवती ग.

घ्या. पण त्वचेवर पुरळ उठतं म्हणून गुडघा बिघडतो, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. बहिणीच्या आमवातात जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, तर त्या रुग्णालयातलं संसर्गाचं प्रमाण आधी विचारा.