टॉर्क व्हेक्टरिंग आणि हॉट हॅचची बदली
वर एका सदस्याने लिहिले आहे की, टॉर्क व्हेक्टरिंग (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना कमी-जास्त जोर देण्याची सोय) असलेली ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी मिळत असेल तर पुढच्या चाकांवर चालणारी हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी हॅचबॅक ठेवण्यात अर्थ नाही. हे मला अर्धेच पटते, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. २०१६ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये मागच्या प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र क्लच होता, त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाला खरोखरच जास्त जोर मिळत असे. पण अनेक गाड्यांमधली प्रणाली केवळ आतल्या चाकाला हलकासा ब्रेक लावते. माझी हॅचबॅक या दुसऱ्या प्रकारातली आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पहिल्या काही वळणांना नाक छान आत वळते, मात्र तसेच रेटत राहिलो तर वर पोहोचेपर्यंत ब्रेक पॅड जळाल्याचा वास येतो, आणि तोही चढणीवर, जिथे मी ब्रेकला फारसा पायही लावलेला नसतो!

शिवाय क्लचवाल्या प्रणालीलाही चाकांमध्ये वाटून देण्यासाठी आधी इंजिनाचा जोर लागतो, म्हणजे वळणात शिरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तेव्हा तिचा उपयोग जवळजवळ नाही. नागपूरकराचा बहुतेक वेळ वर्धा रोडच्या वाहतुकीत किंवा समृद्धी महामार्गावर सरळ रेषेत जातो (तिथे मर्यादाही ताशी १२० किलोमीटर), म्हणून मी गाडी न बदलता चांगले टायर घेतले.