शब्दचर्चा: घन की स्थायू, पेशी की कोष्ठिका?

प्रश्नकर्ता, दांडिया बाजार (वडोदरा)

माझे शालेय शिक्षण गुजराती माध्यमातून झाले, घरची भाषा मराठी आणि नोकरी हिशेबतपासणीची. निवृत्तीनंतर रसायनशास्त्र नव्याने वाचायला घेतले आहे. शिकवणी लावलेली नाही. समोर एक गुजराती, एक हिंदी व एक इंग्रजी अशी तीन पुस्तके असतात आणि टिपणे मात्र मराठीत काढतो, कारण जे मराठीत लिहिता येत नाही ते मला समजलेले नसते, असा स्वतःपुरता अनुभव आहे. सध्या स्फटिकांच्या प्रकरणापाशी अडलो आहे. गुजराती पुस्तक ‘घन अवस्था’ म्हणते, हिंदी ‘ठोस अवस्था’ म्हणते आणि नातवंडांच्या मराठी शालेय पुस्तकात ‘स्थायू’ हा शब्द आहे. टिपणात कोणता ठेवावा? ‘युनिट सेल’साठी (म्हणजे जो लहानसा ठोकळा पुन्हा पुन्हा रचला की सारा स्फटिक उभा राहतो त्यासाठी) मी ‘एकक पेशी’ असे लिहीत आलो आहे. ते योग्य आहे काय? शिवाय ‘व्हॉइड’ आणि ‘व्हेकन्सी’ या दोहोंसाठी माझ्याकडून ‘रिक्ती’ हा एकच शब्द लिहिला गेला आहे आणि आता मागची पाने वाचताना कोठे काय अभिप्रेत होते ते मलाच उमगत नाही.

आपल्या शहरात १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत, पण ते दप्तराचे शब्द आहेत, स्फटिकांचे नाहीत.

उत्तर: रावपुरेकर

‘घन’ हा शब्द चांगला असला तरी मराठीत त्याच्यावर आधीच फार ओझे आहे. घनमूळ व घनफळ यांतला घन निराळा, घनदाट अरण्यातला निराळा, ‘घन बरसती’मधला ढग निराळा आणि लोहाराच्या हातातला घन तर आणखीच निराळा. इतर विषयांत हे खपून जाते. स्फटिकांच्या प्रकरणात मात्र पानोपानी ‘घनाकृती’ हा शब्द येणार असतो, त्यामुळे ‘घनाकृती घन’ किंवा ‘घनाची घनता’ अशी वाक्ये तयार होतात आणि वाचणारा प्रत्येक वेळी थबकतो. ‘स्थायू’ हा ‘वायू’शी जुळवून घडवलेला शब्द आहे हे उघड दिसते, पण त्याला दुसरा अर्थ नाही आणि हाच त्याचा मोठा गुण. ‘ठोस’ मराठीत ‘ठोस पुरावा’, ‘ठोस उपाय’ अशा लाक्षणिक अर्थाने रुळला आहे. पदार्थाला लावल्यास तो हिंदी वाटतो. टिपणात ‘स्थायू’ ठेवावा आणि ‘घन’ केवळ आकारासाठी राखावा, असे माझे मत आहे.

‘स्फटिक’ या शब्दाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहिण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडे वडोदऱ्यात मराठी घरांतही तुरटीला सर्रास ‘फटकडी’ म्हणतात. हा गुजराती शब्द आणि हिंदी ‘फिटकरी’ हे दोन्ही ‘स्फटिक’ याच कुळातले आहेत. म्हणजे गुजराती व हिंदी भाषकांनी तुरटीला तिच्या रूपावरून नाव दिले आणि मराठी भाषकांनी जिभेला लागणाऱ्या तुरट चवीवरून! त्याहून गमतीची गोष्ट अशी की ‘क्रिस्टल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ बर्फ, आणि मराठीत ‘गार’ म्हणजे आभाळातून पडणारी गारही आणि गारगोटीचा दगडही. ग्रीकांना आणि आपल्या पूर्वजांना तोच पारदर्शक गारठा दिसला असावा, असे म्हणायला जागा आहे. या उलट, दुकानात ‘क्रिस्टल’ म्हणून विकले जाणारे महागडे पेले काचेचे असतात आणि काच ही तर अस्फटिकी. खरा स्फटिक हवा असल्यास त्याच दुकानातून निघून वाण्याकडे जावे आणि खडीसाखर मागावी.

उत्तर: रसायनशास्त्राची अध्यापिका

स्थायूविषयी रावपुरेकरांशी मी सहमत आहे. ‘एकक पेशी’ मात्र आपण सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. पेशी म्हटले की जीवशास्त्रातली पेशी डोळ्यांसमोर येते, म्हणजे भोवती पटल, आत ऐवज आणि तो ऐवज सर्वस्वी तिचा. (गुजरातीत खजुराचीही ‘पेशी’ असते आणि तीही सुटी.) एकक कोष्ठिकेला, म्हणजे युनिट सेलला, पटल नसते आणि तिच्या कोपऱ्यावरचा कण तिच्या एकटीच्या मालकीचा नसतो. फरशीवरच्या लाद्या पाहाव्यात: एका लादीचा कोपरा चार लाद्यांचा मिळून असतो. त्रिमितीत कोपऱ्यापाशी आठ कोष्ठिका भेटतात, म्हणून कोपऱ्यावरच्या कणाचा एक अष्टमांश भाग प्रत्येकीच्या वाट्याला येतो. फलकाच्या, म्हणजे सपाट बाजूच्या, मध्यावरचा कण दोघींत निम्मा निम्मा. हिंदी पारिभाषिक शब्द ‘कोष्ठिका’ आपल्या ‘कोठा’, ‘कोठी’ यांच्याच घराण्यातला असल्यामुळे तो मराठीत परका वाटत नाही, आणि लागून असलेल्या खोल्यांची भिंत सामाईक असते हेही तो सुचवतो.

आपण ‘जालक’ (लॅटिस) हा शब्द कसा वापरता, हेही पाहावे. जालक म्हणजे अणू नव्हेत. जालक म्हणजे केवळ बिंदूंची मांडणी, जीत प्रत्येक बिंदूचा परिसर अगदी सारखा असतो. या बिंदूंपाशी अणूंचा गट ठेवला की स्फटिकरचना तयार होते. त्रिमितीत अशी जालके चौदाच संभवतात, हे ब्राव्हे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. हा भेद न पाळल्यामुळे सीझियम क्लोराइडला ‘अंतःकेंद्रित’ (कोपऱ्यांवर आहे तसाच बिंदू मध्यभागीही असलेले) म्हणण्याची चूक फार जण करतात. मधला सीझियम व कोपऱ्यावरचे क्लोराइड हे सारखे नाहीत. त्यामुळे ते जालक साधे घनाकृतीच ठरते.

आता ‘रिक्ती’. येथे मी पंगतीचे उदाहरण देत असते. पंगतीत दोन पानांच्या मधे जी जागा आपोआप सुटते ती ‘पोकळी’ (व्हॉइड). गोल कण कितीही दाटीने रचले तरी ती राहतेच, कारण सर्वांत दाट रचनेतही सुमारे ७४ टक्केच जागा भरली जाते. पान मांडलेले आहे, वाढलेले आहे, पण त्यावर कोणी बसलेलेच नाही, ती ‘रिक्तता’ (व्हेकन्सी). पोकळी हा दोष नव्हे, रिक्तता हा दोष होय. कोणी आपले पान सोडून दोन पानांच्या मधे जाऊन बसला तर तो फ्रेंकेल दोष. माणसे पंगतीतच असल्याने घनता बदलत नाही. धन व ऋण आयन सम प्रमाणात पंगत सोडून गेले तर तो शॉट्की दोष, आणि तेथे घनता घटते. सिल्व्हर क्लोराइडमध्ये पहिला आढळतो, मिठात दुसरा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आपण ‘पेशी’विषयी लिहिले ते वाचून मी जुनी वही काढली आणि महिनाभर न सापडलेली चूक हाती लागली. मिठाच्या कोष्ठिकेची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम धरून मी घनता काढली होती. उत्तर आले होते दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.५७ ग्रॅम, म्हणजे मीठ जवळजवळ लोखंडाइतके जड! मी आकडेमोड तीन वेळा तपासली, अव्होगाड्रो अंक तपासला, घातांक तपासले. हिशेबतपासणीचा माणूस आणखी काय करणार? चूक बेरजेत नव्हतीच. मी आठ कोपरे आणि सहा फलक मिळून चौदा कण ‘पेशीच्या आत’ म्हणून पूर्ण मोजले होते. भागीदारीत आपला हिस्सा सोडून सगळे भांडवल स्वतःच्या नावे लिहिण्यासारखेच हे झाले. कोपऱ्यांचा मिळून एक आणि फलकांचे तीन, असे चार धरल्यावर उत्तर २.१६ आले आणि ते कोष्टकाशी जुळले.

एक शंका उरते. मी स्वयंपाकघरात पेल्यामध्ये फटकडीचे संपृक्त द्रावण करून त्यात दोऱ्याला बांधलेला बारीक खडा टांगला आहे. नवव्या दिवशी त्याला आठ त्रिकोणी फलक स्पष्ट दिसत आहेत. पुस्तकात मात्र तुरटी ‘घनाकृती’ समूहात घातली आहे. टिपणात या खड्याला काय म्हणावे?

उत्तर: रसायनशास्त्राची अध्यापिका

दोन्ही लिहावे: ‘जालक घनाकृती, बाह्यरूप अष्टफलकी.’ घनाकृती हे नाव आतल्या मांडणीच्या सममितीचे असते, बाहेरून दिसणाऱ्या आकाराचे नव्हे; लहान ठोकळे पायऱ्यापायऱ्यांनी रचत गेल्यास त्यांतून अष्टफलकही उभा राहतो. कोणते फलक दिसतील हे ते किती वेगाने वाढतात यावर ठरते: जे सावकाश वाढतात तेच शेवटी मोठे होऊन उरतात. पेला पंख्याखाली ठेवू नये आणि दोऱ्यावर आणखी बारीक खडे धरले असल्यास ते नखाने काढून टाकावेत.