मदत हवी आहे: रिकार्डो, स्वस्त धान्य आणि मजुरी

मंडळी, एम.ए.च्या अभ्यासात इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोपाशी गाडी अडली आहे. त्याचा समकालीन अर्थशास्त्रज्ञ माल्थस, त्याचं १७९८ चं म्हणणं सरळ आहे. लोकसंख्या भूमिती श्रेणीने वाढते, धान्य गणिती श्रेणीने; मजुरी वाढली की पोरं जगतात, पुढे मजूर वाढतात आणि मजुरी पुन्हा पोटापुरती. रिकार्डोलाही हे बहुतेक मान्य. मग इंग्लंडचे धान्य कायदे (परदेशी धान्याच्या आयातीवर बंधनं घालून भाव चढे ठेवणारे) उठून गहू स्वस्त झाला, तर त्याच्याच हिशेबाने मजुरीही उतरणार ना? नफा मालकाचा, मजुराच्या हाती काय? (माल्थस तर कायद्यांच्या बाजूने, हे आणखी त्रांगडं.)

शिवाय पोटापुरत्या मजुरीत रिकार्डो सवयी, चालीरीतीही धरतो. मग जर्मन समाजवादी लासालचा वेतनाचा लोहनियम (मजुरी नेहमी जगण्यापुरतीच राहते, हा) त्याच्या माथी मारणं कितपत बरोबर?

पावाचा भाव निम्मा झाला असं धरून कुणी आकड्यांत समजावेल का? गाइडमधली व्याख्या नको, ती पाठ आहे.